तिसरा प्रवासी

राधानगरीत राहणाऱ्या माणसाला पाण्याचं अप्रूप नसतं. पावसाळ्याचे चार महिने छपरावर, अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात पाणीच पाणी. लक्ष्मी तलाव भरला की धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि खाली पार कोल्हापुरापर्यंत लोक एकमेकांना विचारतात, "आज किती उघडले?" राजर्षी शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं. आमच्या मरहूम अब्बांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, या धरणावर गेली. त्यामुळे आमचं बालपणही या पाण्याच्या काठावर गेलं. पण समुद्र आमच्या घरात फक्त गोष्टींत होता.

इथं एक खुलासा करायला हवा. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. दिवसभर उर्दू बोलून स्वतःला 'हम' म्हणायची सवय झालेली, मराठी लिहायला बसलो की तोच 'हम' 'आम्ही' होऊन कागदावर येतो. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. उलट पुढं जे सांगणार आहोत त्यात मोठेपणाचं काहीच नाही.

अम्मीचं माहेर खारेपाटण. राधानगरीहून दाजीपूरचं जंगल ओलांडून फोंडाघाट उतरलं की कोकण लागतं. त्या बाजूच्या आपल्या लोकांत जहाजावर नोकरी करणारे घरटी एक तरी असायचे. अम्मीचे अब्बा, म्हणजे आमचे नाना, नोकरीसाठी नाही तर हजसाठी समुद्रावर गेले. मोगल लाइनच्या 'अकबर' जहाजातून, मुंबई ते जिद्दा, डेक क्लासनं. डेक क्लास म्हणजे स्वतःची खोली नाही, शेकडो माणसांत एक बिछान्यापुरती जागा आपली. नाना परत आले ते जमजम आणि खजुरांबरोबर समुद्राच्या गोष्टी घेऊन. अम्मी तेव्हा लहान होती. नाना सांगायचे, "जहाजावर मला खोली नव्हती, पण आसमान सगळं माझं होतं."

अम्मीच्या मनात तेव्हापासून एकच, हजला जायचं तर जहाजानं. अब्बांनी कबूलही केलं होतं. पण सरकारी नोकरी, दोन्हीकडची लग्नं, घर. पैसे साठेपर्यंत १९९५ साल आलं आणि मुंबईहून जिद्द्याला जाणारी हजची जहाजं बंद झाली. पुढं अल्लाहच्या मेहेरबानीनं दोघांचा हज झाला, पण विमानानं. रात्री मुंबईत बसले, दिवस उजाडायच्या आत उतरले. २०२० साली अब्बा गेले. आम्ही त्यांची एकुलती एक. अम्मी दोन गल्ल्या सोडून आमच्या घरी राहायला आली.

आता एकुलत्या एक मुलीच्या घरी राहणं म्हणजे जावयाच्या घरी राहणं. आमचे मिस्टर माणूस म्हणून सोनं आहेत. त्यांचं गॅरेज आहे, बोलणं कमी, हात चालू. त्यांनी अम्मीला कधी परकं मानलं नाही. पण अम्मीनं स्वतःला मानलं. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. मधल्या खोलीत तिची बाज आहे, पण मिस्टर दुपारी घरी आले की ती उठून स्वयंपाकघरात बसते. जावयासमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळत नाही. याला आपल्याकडे लिहाज म्हणतात. त्यात वाईट काही नाही, पण स्वतःच्या घरात चोवीस तास लिहाज पाळणारं माणूस पाहुणंच राहतं, हे आम्हाला दिसत होतं आणि आम्ही न दिसल्यासारखं करत होतो.

वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता उशिरानं का होईना हातात पडला, तेव्हा आम्ही ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला बोटीनं गोव्याला न्यायचं. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या आगबोटी केव्हाच गेल्या. पण २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती, तीही पुढं थांबली. २०२१ पासून 'एम्प्रेस' ही १९९० साली बांधलेली परदेशी क्रूझ बोट मुंबईतून सुटू लागली, त्याच्या बातम्या आल्या. आम्ही कुठल्या बोटीनं गेलो ते सांगत नाही, उगाच कुणाची जाहिरात नको.

स्टाफरूममध्ये बातमी फुटली तेव्हा पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती तीच आली. "मॅडम, एवढ्या पैशात तुमच्या अम्मीचा उमरा झाला असता." दुसरी प्रतिक्रिया, "त्या बोटीवर कॅसिनो असतो म्हणे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्ही घरी येऊन अम्मीला उमऱ्याचं विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथं मी पोचलेय. रस्ता बघितला नाही."

झालं. आम्ही कोल्हापुरात एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलो. आमची समजूत अशी की एस.टी.चं रिझर्व्हेशन करावं तसं चार सीट मागायच्या. त्या मुलानं विचारलं, "केबिन कुठली?" आणि पुढं एक रंगीत नकाशा पसरला. नऊ-दहा मजल्यांची इमारत आडवी झोपवावी तसा.

केबिनचे प्रकार मुख्यतः चार. पहिली आतली, म्हणजे बोटीच्या पोटातली, खिडकी नसलेली, सगळ्यांत स्वस्त. दुसरी खिडकीची. ही खिडकी उघडत नाही, नुसतं काचेतून बघायचं. तिसरी बाल्कनीची आणि चौथी सूट, या दोन्हींचे आकडे ऐकून आम्ही नकाशाची ती बाजू दुमडली. शिवाय काही कंपन्या आणखी एक सवलत देतात. प्रकार तुम्ही निवडा, केबिनचा नंबर आम्ही देऊ. पैसे थोडे वाचतात, पण मग केबिन नाळेकडे मिळेल की पिछाडीला, हे त्यांच्या मर्जीवर. दोन केबिन घेतल्या तर एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, असंही होऊ शकतं. म्हातारं माणूस बरोबर असताना ही सवलत घेऊ नये, एवढं आम्हाला तिथंच कळलं.

मुलगा म्हणाला, "चौघं आहात ना, टू प्लस टू करून टाकू." म्हणजे काय, तर एका केबिनमध्ये खाली दोन पलंग, आणि रेल्वेच्या बर्थसारख्या दोन बर्थ वर, भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायच्या, शिडीनं चढायचं. पहिल्या दोन प्रवाशांना पूर्ण भाडं. तिसऱ्या आणि चौथ्याला कमी, कारण ते वर झोपतात. अशा चौघांच्या केबिन बोटीवर मोजक्याच असतात आणि सुट्टीच्या दिवसांत आधी भरतात.

आम्ही विचारलं, "मुलगी दहा वर्षांची आहे. ती नानीच्या कुशीत झोपेल. तिघांची केबिन घेतली तर?"

"नाही चालत मॅडम."

हे असं का, ते आम्हाला नंतर मामूंनी सांगितलं. मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत तेलवाला म्हणून राबले, आता खारेपाटणात नारळ मोजतात. त्यांना नकाशा दाखवायला आम्ही एका रविवारी मुद्दाम घाट उतरून गेलो. तो दिवस वाया गेला नाही. प्रवास ठरवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल म्हणून त्यांचं सांगणं सविस्तर देतो.

तिघांच्या केबिनीत चौथं माणूस का नाही? मामू म्हणाले, "जहाजावरचं प्रत्येक डोकं लाईफबोटीत मोजलेलं असतं. मांडीवरचं पोरसुद्धा." १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर बावीसशेच्या आसपास माणसं होती आणि लाईफबोटींत जागा होती ११७८ जणांची. त्यानंतर १९१४ मध्ये लंडनला देशोदेशींनी मिळून जहाजांच्या सुरक्षिततेचा पहिला करार केला. आता बोट सुटायच्या आधी प्रत्येकाला कुठं जमायचं ते दाखवतात, गळ्यात जाकीट कसं घालायचं ते शिकवतात. "केबिन भारी असो की हलकी," मामू म्हणाले, "लाईफबोटीत सगळे सारखे. तिथं एक नंबर, तीन नंबर नसतात." आमच्या कोकणाला हे शिकवायला टायटॅनिकची गरज नव्हती म्हणा. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' आगबोट रेवसजवळ बुडाली, सहाशेंहून अधिक माणसं गेली. अम्मीच्या लहानपणी खारेपाटणच्या बायका पावसाळ्यात बोटीचं नाव निघालं की तोंडात पदर धरायच्या. आता दिवाळीनंतर समुद्र निवळतो, वारा पडतो, म्हणून आम्ही तोच मोसम धरला होता. मामूंनी त्याला मान डोलावली.

मग त्यांनी आमची फूटपट्टी मागितली, खोडरबरावर आडवी ठेवली आणि एका टोकाला बोट टेकवलं. टोकं वरखाली झाली, मधला भाग जागच्या जागी राहिला. "ही तुमची बोट. नाळेकडची आणि पिछाडीची केबिन स्वस्त मिळाली तरी नको. मधली घ्या." आणि मजला? आम्हाला वाटत होतं, जितकं वर तितकं चांगलं. मामूंनी अंगणातल्या माडाकडे बोट दाखवलं. "शेंड्यावर चढलेल्याला वारा कळतो. बुंध्याशी बसलेल्याला कळतो काय? बोट डुलते ती अशीच. पित्ताची माणसं असतील तर खालचा मजला." अम्मीला एस.टी.त घाट चढताना त्रास होतो. तेव्हा मधली आणि खालची, हे पक्कं झालं.

पुढची गोष्ट आमच्या डोक्यातच आली नसती. मामू म्हणाले, नुसती आपली केबिन बघू नका. वरच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे आणि खालच्या मजल्यावर काय आहे, ते बघा. वर नाचगाण्याचा हॉल असला तर रात्री दोनपर्यंत डोक्यावर धबधब. वर मुदपाकखाना असला तर पहाटेपासून भांडी आणि गाड्या. अगदी पुढं नांगराच्या साखळीचा आवाज, अगदी मागं यंत्राची थरथर. वर केबिन, खाली केबिन, अशी जागा सगळ्यांत शांत. लिफ्ट चालत जाण्याइतकी जवळ हवी, पण लिफ्टच्या तोंडाशी नको. आणि खिडकीची केबिन घेताना बाहेर लाईफबोट टांगलेली नाही ना, ते विचारा, नाहीतर खिडकीतून समुद्राऐवजी लाईफबोटीचा रंग दिसायचा. आम्ही तिन्ही मजल्यांचे कागद एकावर एक ठेवून कंदिलाच्या उजेडात धरले, पोरांना शाळेत भारताचा नकाशा गिरवायला लावतो तसे. मामूंना हसू आवरेना.

शेवटी त्यांनी एक गोष्ट स्वतःहून सांगितली. "मुंबईहून गोव्याला जाताना बोटीची नाळ दक्षिणेला. डाव्या हाताला किनारा, उजव्या हाताला पश्चिम." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे उजवीकडची खिडकी किब्ल्याकडं. येताना डावीकडची."

आम्ही घाट चढून परत आलो तेव्हा निर्णय झाल्यात जमा होता. मधला भाग, खालचा मजला, उजवीकडची, खिडकीची, चौघांची एक केबिन. अम्मी पलंगावर बसून किब्ल्याकडचा समुद्र बघेल. आमच्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. त्या रात्री फॉर्म काढला आणि पेन्सिलनं भरला. नंतर दुरुस्ती करता यावी म्हणून पेन्सिल. प्रवासी क्रमांक १, मिस्टरांचं नाव. क्रमांक २, आमचं. क्रमांक ३, अम्मी. क्रमांक ४, लेक.

भरताना हात थांबला नाही, हे कबूल करायला हवं. बी.एड.ला आम्हाला बालकेंद्रित शिक्षण शिकवलं, वर्गातल्या मागच्या बाकाकडे आधी बघा म्हणून सांगितलं. ते आम्ही शाळेत करतोही. पण घरचा फॉर्म भरताना नवरा, आपण, मग अम्मी, मग मूल, हा क्रम आपोआप आला. मिस्टरांचं वजन नव्वद किलो, त्यांना वरच्या बर्थवर कोण चढवणार? आमची कंबर दुखते. हिशेब बरोबर होता. फक्त त्या हिशेबात सत्तरीच्या जवळ आलेली, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई शिडीवर होती. आम्हाला वाटलं, बघू तिथं गेल्यावर, करू काहीतरी. खरं तर आपण पुष्कळ गोष्टी अम्मीवर सोडतो, कारण अम्मी काहीतरी करून घेते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस होता, लाइट गेलेली. लेक मेणबत्तीजवळ बसून नानीला फॉर्म वाचून दाखवत होती. तिला इंग्रजी वाचता येतं याचं तिला फार कौतुक. "नानी, तू तीन नंबर. मी चार नंबर. तीन आणि चार वर झोपतात. शिडी असते."

आम्ही स्वयंपाकघरात होतो. अम्मीचं उत्तर ऐकू यायला जरा वेळ लागला.

"हौ. चढूंगी मैं."

एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही. चढेन मी. अब्बांच्या मागं चार वर्षं ती असंच चढत आली होती, हे त्या तीन शब्दांत आम्हाला ऐकू आलं. भाकरी तव्यावर करपली.

जेवणं झाल्यावर आम्ही मिस्टरांसमोर विषय काढला. ते म्हणाले, "त्यात काय, अम्मी खाली, तू खाली, मी वर." लेक म्हणाली, वरची बर्थ तिला हवीच आहे, कुणी मागितली तरी ती देणार नाही. म्हणजे तोडगा निघाला होता. भाडं तेच. कुणाचं नाव तीन नंबरला घालायचं एवढाच प्रश्न. आम्ही खोडरबर घेतलं.

तेव्हा अम्मी मधल्या दारात उभी राहिली. जावई समोर असताना ती सहसा बोलत नाही. डोक्यावर पदर ओढून आमच्याकडे बघत म्हणाली, "बेटा, खोली किती मोठी?"

आम्ही सांगितलं. अशा जुन्या बोटींवरच्या केबिन सव्वाशे-दीडशे चौरस फुटांच्या असतात, संडास-बाथरूम त्यातच. आमची मधली खोली तेवढीच असेल.

"त्यात आपण चौघं. दिवस-रात्र."

"दोन रात्रींचा तर प्रश्न," आम्ही म्हणालो.

"दोन रात्री मी झोपणार नाही मग." आणि आत निघून गेली.

मिस्टरांना आमच्या आधी कळलं. ते म्हणाले, "त्यांना पदर काढून आडवं व्हायला जागा नाही त्यात." आम्ही दोन आठवडे नाळ, पिछाडी, नाचगाण्याचा हॉल, मुदपाकखाना, सगळं बघितलं होतं. सासू आणि जावई दोन हातांच्या अंतरावर दोन रात्री कशी काढतील, हे नकाशात कुठंच लिहिलेलं नव्हतं. ट्रॅव्हल्सवाल्याच्या फॉर्ममध्ये लिहाजचा रकाना नसतो. तो आपणच मनात धरायचा असतो.

पुन्हा आकडेमोड. तिघी बायका एका केबिनीत आणि मिस्टर एकटे? पण एकट्याच्या केबिनीला बहुतेक ठिकाणी जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. मग दोन-दोन. आम्ही दोघं एका केबिनीत, अम्मी आणि लेक शेजारच्या केबिनीत. कंपन्या मुलांबरोबर एक मोठं माणूस मागतात, ते होतंच. चौघांना खालचे पलंग, शिडी नाही. फक्त आता चौघांचंही पूर्ण भाडं लागणार, तिसऱ्या-चौथ्याची सवलत गेली. फरकाच्या हप्त्यात दोन खिडकीच्या केबिन बसत नव्हत्या. दोन आतल्या बसत होत्या, कशाबशा. म्हणजे प्रश्न पाचवीच्या गणितासारखा स्वच्छ होता. एक खिडकी, की दोन दारं?

आम्हाला खिडकी सोडवेना. ज्या बाईनं पन्नास वर्षं समुद्राची वाट बघितली तिला बोटीच्या पोटात बिनखिडकीच्या खोलीत ठेवायचं? मिस्टर म्हणाले, गॅरेजमध्ये एक गाडी विकायला आलीय, बघू. आम्ही पाटल्यांचा विचार करून बघितला. शेवटी अम्मीला सरळ विचारलं, तुला काय हवं? हा प्रश्न आधी विचारायचा होता. आम्ही सगळ्या दुनियेला विचारलं, मामूंपर्यंत जाऊन आलो, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिला शेवटी विचारलं.

अम्मी म्हणाली, "मेरेकू खिडकी कायकू? अब्बांना होती खिडकी? त्यांनी समुद्र डेकवरून बघितला. डेकवर जायला पैसे पडतात?"

नाही पडत. डेक सगळ्यांचा असतो. सूटवाल्याचा आणि आतल्या केबिनवाल्याचा एकच.

"मग मला दार दे. आतून कडी लागेल असं."

आम्ही दोन आतल्या केबिन घेतल्या. शेजारीशेजारी, मधल्या भागात, खालच्या बाजूला, वर केबिन, खाली केबिन. बाथरूमला उंबरा केवढा आहे तेही विचारलं, अम्मीच्या गुडघ्यांसाठी. ट्रॅव्हल्सचा मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढी चौकशी तर सूटवालेपण करत नाहीत." दुसऱ्या केबिनचा फॉर्म अम्मीनं स्वतः भरायला लावला. आम्ही नाव लिहिलं, तिनं सही केली, उर्दूत, हळूहळू. कागद छापून आला तेव्हा त्यावर होतं, प्रवासी क्रमांक १, आणि पुढं तिचं नाव.

अम्मी तो कागद बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हजच्या वेळी कव्हर हेड तुझे अब्बा होते." ज्यांनी हज कमिटीचा फॉर्म भरलाय त्यांना हे कळेल. एका कव्हरमध्ये जितकी माणसं असतील त्यांचा एक हेड असतो. त्याच्या नावानं पत्र येतं, त्याच्या नावानं नंबर लागतो. माहेरी नाना, सासरी अब्बा, आता जावई. अम्मी कुणाच्या ना कुणाच्या कव्हरमध्ये होती. या कागदावर ती हेड होती, आणि तिच्या कव्हरमध्ये एक दहा वर्षांची पोरगी.

बोटीचं फार सांगत नाही. पहिल्या संध्याकाळी मुंबईचे दिवे मागं पडले, फोनची रेंज गेली. आतल्या केबिनीत दिवा मालवला की खरोखर काही दिसत नाही, आपला हातसुद्धा. दिवस आहे की रात्र, कळत नाही. झोपताना आम्हाला धास्ती, अम्मीला अंधारात जाग आली तर? आम्ही लेकीला दहा वेळा बजावलं. मिस्टरांनी जंतरीतून फजरचा वक्त कागदावर लिहून दाराला चिकटवला. आमची अम्मी कोकणातली, म्हणून शाफई. आम्ही घाटावरचे हनफी. असरच्या वेळेवरून आमच्या घरात नेहमी थट्टा चालते, पण फजर दोघांचीही एकाच वेळी सुरू होते.

पहाटे दारावर टकटक झाली. उघडलं तर अम्मी उभी. वजू झालेला, डोक्याला ओढणी घट्ट, हातात जानमाज. मागं लेक डोळे चोळत. अम्मीच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची तुकतुकी होती. आमच्या घरी आल्यापासून इतकी गाढ झोपलेली आम्ही तिला बघितलं नव्हतं.

"चल वर," ती म्हणाली.

आम्ही चौघं वर गेलो. डेकवर दोन कामगार फरशी पुसत होते, बाकी कुणी नाही. डाव्या हाताला खूप लांब दोन-तीन दिवे होते. विजयदुर्ग असेल किंवा देवगड, कुणास ठाऊक. विजयदुर्गच्या खाडीतूनच आत खारेपाटण आहे. अम्मी त्या दिव्यांकडे बघत राहिली, मग वळली. उजव्या हाताला काळा समुद्र. मामूंनी सांगितलेलं तिला पाठ होतं, कुणाला विचारलं नाही. जानमाज अंथरलं. मिस्टर चार पावलं बाजूला सरकून उभे राहिले. नमाज झाल्यावर ती तिथंच बसून राहिली, कठड्याच्या गजांतून बघत. पाठीमागं, किनाऱ्याच्या बाजूला, उजाडायला लागलं.

"इधर से गए थे नाना?" लेकीनं विचारलं.

"यही पानी," अम्मी म्हणाली.

परत आल्याला आता बरेच महिने झाले. पाऊस पुन्हा सुरू झालाय, आज चार दरवाजे उघडलेत. अम्मी अजूनही शेवटी जेवते. सवयी दोन रात्रीत जात नाहीत. पण मिस्टरांनी मधल्या खोलीला, जिथं पूर्वी नुसता पडदा होता तिथं, दार बसवून घेतलंय. आतून कडी लागते. दुपारी ते घरी आले की अम्मी आता उठून स्वयंपाकघरात जात नाही. दार लोटून घेते आणि पडते. बोटीचा तो कागद तिनं हजच्या कागदांच्या फायलीत ठेवलाय, अब्बांच्या नावाच्या कव्हरच्या वर.